प्रार्थनेच्या विषयातला हेवा

माझ्याकडं येणाऱ्या ख्रिस्ती बहिणी एक प्रश्न हमखास विचारतात, तोही अगदी उठता उठता: "दुसरीचं कौतुक झालं की पोटात दुखतं, मग तोंडातून नको ते निघतं. विश्वासात असून माझं असं का होतं?" उत्तरादाखल एका मावशींची हकिगत सांगते, त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून.

मावशी मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, वर्षानुवर्षं मुलांची शब्बाथशाळा घेतात, उपासनेत पेटीवर गाणं उचलतात. गेल्या वर्षी एक बाई मंडळीत येऊ लागली. नवऱ्यानं टाकलेली, मुंबईत ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाऊन मुलं वाढवलेली. गळा असा, की मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी प्रभुभोजनाच्या रविवारी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन तिलाच म्हणायला सांगितलं. मावशींना कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात महिला मंडळात प्रार्थनेचे विषय, म्हणजे कुणासाठी प्रार्थना करायची ते, सांगायची वेळ आली. मावशी म्हणाल्या, "त्या नव्या बहिणीला आठवा गं. बारमध्ये गात होती ना! सैतान अशांना परत ओढतो. आपापली माणसं सांभाळा." सगळ्यांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. चुगलीला याहून सोवळं वस्त्र मिळत नाही, असं माझं मत.

पुढं प्रीतिभोजनाला त्या बाईनं पातेलंभर पुलाव करून आणला. ती वाढायला निघाली, तर बहुतेकींनी पानावर हात आडवा धरला. "नको, पोट भरलं." पातेलं जवळजवळ भरलेलंच परत गेलं. याच मंडळीच्या भिंतीवर पंडिता रमाबाईंची तसबीर आहे. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी रमाबाईंनी केडगावला कृपासदन काढलं, हे तिथल्या पोरांनाही पाठ आहे.

ते पातेलं मावशींच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून त्या आल्या. तरी पहिला बचाव होताच: "पण मी खोटं काय बोलले?"

"काहीच नाही. पण हे तुम्हाला कळलं कधी?"

"ती आली तेव्हाच."

"मग तेव्हाच प्रार्थना का नाही मागितली?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "माझी जागा गेली असं वाटलं, बाई."

मी त्यांना बायबलातल्या गणना पुस्तकाचा 12वा अध्याय उघडायला सांगितलं. इस्राएलांचा पुढारी मोशे, त्याची बहीण मिर्यामही गाणारीच, तांबड्या समुद्रापलीकडं डफ घेऊन बायकांच्या पुढं तीच होती. तिनं आणि भाऊ अहरोनानं बोल लावला मोशेच्या कूशी, म्हणजे परक्या देशातल्या, बायकोवरून, पण लगेच खरं दुखणं बाहेर पडतं: परमेश्वर काय एकट्या मोशेशीच बोलला? मिर्यामच्या अंगावर कोड फुटलं. परकीला नावं ठेवणारी स्वतःच सात दिवस छावणीबाहेर. मावशी इथंच घाबरून थांबल्या होत्या. मी पुढचं वाचायला लावलं. तिला बरं कर म्हणून देवाचा धावा करणारा मोशेच, आणि ती आत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही.

हेवा वाटू देऊ नका, असं मी कुणाला सांगत नाही. तो हुकमानं जात नाही. हेव्यातून सुटलेला शब्द मात्र मागं घेता येतो, आणि ते काम बैठकीत उभं राहून होत नाही. ज्यांच्यापुढं बोललात त्यांच्या घरी एकेक करून जा. 'गैरसमज झाला' नको. 'मला हेवा वाटला म्हणून बोलले' एवढंच. त्या बाईच्या कानावर काहीच गेलं नसतं, तर तिच्याकडं मी पाठवलंच नसतं. आपलं ओझं तिच्या डोक्यावर कशाला? पण भरलं पातेलं तिनं स्वतः उचलून नेलं होतं. म्हणून म्हटलं, जा. फक्त 'क्षमा केली म्हण' असा हट्ट धरू नका.

मावशी गेल्या. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "बोललं कोण, तेवढंच कळत नव्हतं. बारचं मी फक्त पाळकीणबाईंना सांगितलं होतं असं वाटायचं. त्यांनीच फोडलं असं समजून मी त्यांच्याकडं जाणं सोडलं." क्षमेबद्दल ती काही बोलली नाही. दोघी मिळून पाळकीणबाईंकडं मात्र गेल्या.

महिला मंडळातल्या दोघींनी मावशींना चहा पाजला. तिसरीनं त्यांच्याशी बोलणंच टाकलंय. तिनं ती गोष्ट बरीच पुढं पोचवली होती. पुढच्या भेटीला तिलाही घेऊन या, असं मी सांगितलं आहे. येईल की नाही, मावशींना खात्री नाही.