नाकावरचा कॅन्सर काढल्यावर कपाळाचीच त्वचा का? मांडीची चालणार नाही का?

तुमच्या आईंच्या नाकाच्या शेंड्यावरचा बेसल सेल कॅन्सर (त्वचेचा एक कॅन्सर) काढायचा आहे, डॉक्टर कपाळाचा फ्लॅप, म्हणजे कपाळाची त्वचा एका बाजूने जोडलेली ठेवून नाकावर फिरवणं, करू म्हणतात आणि तुम्हाला वाटतंय की एवढं करण्यापेक्षा मांडीची त्वचा लावून मोकळं व्हावं. माझ्या नाकावर हाच फ्लॅप झालाय. मी डॉक्टर नाही, पण या सगळ्यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मांडीची त्वचा चेहऱ्यावर कायम ठिगळासारखी दिसते. रंगही जुळत नाही आणि पोतही. म्हणून चेहऱ्यावर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून पूर्ण सुटी काढलेली त्वचा, लावायचाच झाला तर तो बहुधा कानाच्या पुढून किंवा मागून घेतात. पण ग्राफ्ट स्वतःचं रक्त घेऊन येत नाही, खालच्या जखमेतून रक्त मिळालं तरच तो जगतो. जखम उथळ असेल तर उत्तम. खोल असेल, कूर्चा उघडी पडली असेल, तर तो धरेलच असं नाही, आणि धरला तरी खळगा राहतो.

फ्लॅपचं तसं नाही. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी कपाळावर चढते. तिच्यासकट त्वचेची पट्टी सोडवतात, खाली फिरवून नाकावर शिवतात आणि भुवईपाशी देठ तसाच ठेवतात. साधारण ३ आठवड्यांत नाकाकडून नवा रक्तपुरवठा तयार होतो, मग देठ कापतात. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक असंच कपाळाच्या त्वचेतून घडवलं होतं. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिकत छापून आली आणि त्यानंतर युरोपातल्या सर्जननी ही पद्धत उचलली.

ते ३ आठवडे मात्र कठीण असतात, हे आईंना आधीच सांगा. भुवईपासून नाकापर्यंत मांसाचा पूल दिसतो. सुरुवातीला त्यातून थोडं रक्त पाझरतं, डोळे सुजतात, चष्मा नाकावर बसत नाही. डोक्यातून घालायचे कपडे नकोत, पुढून बटणं असलेले बरे. झोपताना डोकं उंच ठेवायचं. मला सर्वांत उपयोग झाला तो डॉक्टरांनी आधी दाखवलेल्या फोटोंचा. नुसते शेवटचे, छान दिसणारे फोटो नव्हेत. देठ जागेवर असतानाचेही. तुम्हीही ते मागून घ्या. आरशात पाहायचं की नाही, कधी पाहायचं, हे आईंना ठरवू द्या.

आणखी एका गोष्टीने धक्का बसू शकतो. कॅन्सर पूर्ण निघाल्यावरही सर्जन कधी कधी आजूबाजूची थोडी निरोगी त्वचा काढतात. नाकाचे शेंडा, नाकपुडी, कणा असे भाग असतात. शिवण दोन भागांच्या सीमेवर आली तर नजरेत भरत नाही, भागाच्या मधोमध आली तर लगेच दिसते. बर्गेट आणि मेनिक या सर्जननी १९८५ मध्ये हा विचार मांडला. मला तो आधी उधळपट्टी वाटला होता, आता शिवण शोधावी लागते तेव्हा पटतो. कपाळावरची जखमही वरच्या बाजूला पूर्ण मिटली नाही तर उघडीच ठेवतात, आणि ती आपली आपण बऱ्यापैकी भरून येते.

या सगळ्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त असल्याची खात्री झाल्यावरच फ्लॅप करणार ना? मोह्‌ज पद्धतीत थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली सगळी कड तपासतात. ती सोय नसेल तर ड्रेसिंग करून पॅथॉलॉजीच्या रिपोर्टसाठी काही दिवस थांबता येतं. उघड्या जखमेची भीती वाटते, पण खाली कॅन्सर शिल्लक असताना त्यावर फ्लॅप शिवला तर तो आतल्या आत वाढतो आणि उशिरा कळतो. एवढ्या एका गोष्टीवर घाई करू नका.

चेहरा अगदी पूर्वीसारखा होईल का? नाही. फ्लॅप सुरुवातीला जाड आणि फुगीर असतो, कधी तो पातळ करायला आणखी एक छोटी शस्त्रक्रिया लागते. कपाळाचा काही भाग बरेच महिने बधिर राहतो. कपाळ अरुंद असेल तर पट्टीत डोक्याची केसाळ त्वचा येते, म्हणून नाकावर केसही येऊ शकतात, ते नंतर काढता येतात. व्रण फिका पडायला वर्षभर लागतं, त्याआधी निकाल लावू नका. आज अनोळखी माणसांना माझ्या नाकात वेगळं काही जाणवत नाही.

आई तंबाखू घेत असतील किंवा सिगारेट ओढत असतील तर आजच बंद करायला सांगा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप मरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नका, सर्जनना विचारा. घरी आल्यावर फ्लॅप निळा-काळा पडू लागला किंवा दाबून धरूनही रक्त थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन करा.