कायरोप्रॅक्टरने बनवलेलं मनगटाचं ट्रॅक्शन डिव्हाइस खरंच कामाचं असतं का?

कल्पना अगदीच हवेतली नाहीये. ट्रॅक्शन म्हणजे सांधा हळूहळू ओढून हाडांमध्ये थोडी जागा करणं, आणि मनगटासाठी हे ऑर्थोपेडिकवाले कधीपासून करतात, फ्रॅक्चर बसवताना बोटं जाळीच्या नळ्यांत अडकवून हात टांगतात, त्याला फिंगर ट्रॅप म्हणतात, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पण तेच. त्यामुळे रोज हाताने सांधे ओढणाऱ्या कायरोप्रॅक्टरला हेच काम मशीनने करावंसं वाटणं साहजिकच आहे, हाताचा जोर दर वेळी सारखा नसतो ना, पट्टा आणि स्प्रिंग असली की मोजून ओढता येतं.

पण तुमचा त्रास नक्की कसला आहे ते आधी बघा. कार्पल टनेलचा त्रास असेल, तर मनगटात ८ छोटी हाडं आणि वरून एक जाड लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) अशा बोगद्यातून ९ टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह ही नस जाते, तिथे नस दाबली जाते म्हणून अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं, रात्री जास्तच. लांबीच्या दिशेने ओढून तो बोगदा रुंद होईलच असं नाही, उलट मनगट वाकडं असताना आतला दाब वाढतो, म्हणून तर रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट (आधाराचा पट्टा) आधी देतात. लिगामेंट फाटलेलं असेल, सांधा ढिला असेल, ताजं फ्रॅक्चर असेल तर घरी ओढाओढ अजिबात नको, प्लीज. आणि अंगठ्याच्या बुडाचा स्नायू बारीक होत चालला असेल तर डिव्हाइस वगैरे राहू द्या, लगेच हाताच्या सर्जनला दाखवा.