'रॉटन' म्हणजे नक्की काय, आणि 'द पोटॅटोज हॅव रॉटन' हे बरोबर आहे का?

नाही, चूक आहे. 'हॅव रॉटेड' पाहिजे. 'रॉटन' म्हणजे सडलेला, कुजलेला, आणि ते विशेषण आहे, क्रियापद वेगळं, ते म्हणजे 'रॉट', त्याची रूपं अगदी साधी, रॉट-रॉटेड-रॉटेड (स्पेलिंगमध्ये टी डबल होतो तेवढं बघा). गोंधळ होतो कारण ईट-एट-ईटन, राइट-रोट-रिटन असं पाठ केलेलं असतं मग 'रॉटन' पण तिसरं रूप वाटतं, पण हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'रोटिन' वरून इंग्रजीत आलाय, 'रॉट' पासून तयार झालेला नाही. म्हणून 'द पोटॅटोज आर रॉटन' चालतं, बटाटे सडके आहेत, आणि सडण्याची क्रिया सांगायची तर 'हॅव रॉटेड', अजून सडतायत तर 'आर रॉटिंग'.

अजून एक, सगळ्याच खराब झालेल्या गोष्टींना रॉटन लावू नका. अंडं, फळ, मांस, लाकूड ठीक. पण शिळा ब्रेड 'स्टेल', खवट तेल 'रॅन्सिड', नासलेलं दूध 'सावर' किंवा 'स्पॉइल्ड', ब्रिटिश लोक सरळ 'गॉन ऑफ' म्हणतात. आपल्याकडे तरी कुठे कोण दूध सडलं म्हणतं!

बाकी बोलताना 'रॉटन लक' म्हणजे फुटकं नशीब, 'आय फील रॉटन' म्हणजे तब्येत बरी नाही किंवा मनाला खातंय, आणि 'स्पॉइल्ड रॉटन' म्हणजे लाडाने पार शेफारलेलं पोर, इथे मात्र कुजण्याचा काही संबंध नाही.