समुद्रातली बँक, नदीची बँक आणि पैशांची बँक

प्रश्न : विजयदुर्गसमोर भर समुद्रात 'आंग्रिया बँक' आहे असं वाचलं. आमच्याकडे निरा लेफ्ट बँक कॅनॉल आहे. यात बँकेचा काय संबंध? की दोन वेगळे शब्द आहेत? आणि नदीची डावी बाजू ठरवतात कशी, कारण मी या काठावर उभा राहिलो तर डावं एकीकडे येतं, पलीकडे गेलो की उलट होतं.
– एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : प्रश्न खूप छान आहे, कारण यात जुना अर्थ तुम्हाला भेटलाय आणि नवा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. इंग्रजीत बँक म्हणजे आधी मातीचा उंचवटा, चढ, थर लागून वर आलेली जमीन, आणि नदीच्या कडेला अशी जमीन असते म्हणून नदीचा काठ. पैशांची बँक इंग्रजीत नंतर आली.

हा उंचवट्याचा शब्द इंग्रजांना स्कँडिनेव्हियाकडून मिळाला. 9व्या शतकात डेन लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले, शेती करायला लागले, आणि त्यांचे रोजचे कितीतरी शब्द इंग्रजीत मुरले, एग, स्काय, विंडो हे सगळे तिकडचेच. म्हणून उत्तर इंग्लंडमध्ये आजही डोंगराच्या चढाला बँक म्हणतात. यॉर्कशायरमधली सटन बँक प्रसिद्ध आहे, तिथे ब्रँच वगैरे काही नाही, तो एक घाट आहे आणि रस्ता इतका उभा की चार फूट पुढे गेलं की एक फूट वर, कॅराव्हॅन लावलेल्या गाड्यांना तिथून बंदी आहे.

समुद्राच्या तळाला असा उंचवटा असला तर तीही बँकच. आंग्रिया बँक म्हणजे विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली असलेलं पठार, आजूबाजूला समुद्र खूप खोल आणि इथे मात्र तळ एकदम वर आलेला, माथ्यावर पाणी वीसेक मीटरच, त्यामुळे ऊन खालपर्यंत पोचतं आणि प्रवाळ वाढतात. नाव अर्थात कान्होजी आंग्रे यांच्यावरून. कोकणच्या किनाऱ्याला एवढं मोठं प्रवाळाचं पठार आहे हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पैसे. मूळ एकच आहे, पण वाट वेगळी. जर्मानिक भाषांमध्ये याच मुळापासून बसायच्या लांब फळीलाही शब्द झाला, इंग्रजीतला बेंच त्यातलाच. तोच शब्द इटलीत जाऊन बांको, बांका झाला, तिथले सराफ बाजारात फळी टाकून नाणी बदलून द्यायचे, मग त्या फळीचं नाव धंद्याला पडलं आणि 15व्या शतकाच्या शेवटी फ्रेंच-इटालियनमधून ते इंग्रजीत पोचलं. दिवाळखोराला इंग्रजीत बँकरप्ट म्हणतात ते इटालियन 'बांका रोत्ता'वरून, म्हणजे मोडलेली फळी. पोर्तुगीजमध्ये तर अजूनही बांको म्हणजे बाकही आणि बँकही. आणि शाळेत आपण ज्यावर बसलो तो आपला बाक हा याच पोर्तुगीज बांकोवरून मराठीत आलाय! म्हणजे बाक, बेंच, बँक ही सगळी एकाच घरातली भावंडं.

इटलीत अजून एक गंमत आहे. सिएना गावात 1472 मध्ये सुरू झालेली बँक अजून चालू आहे, जगातली सगळ्यात जुनी चालू बँक तीच मानतात, तिचं नाव मोंते देई पास्की. मोंते म्हणजे डोंगर, ढीग, आणि त्यावरून साठवलेला पैसा. म्हणजे तिथे बँक शब्द न वापरताही पैसा उंचवट्यावरच जाऊन बसला.

ब्लड बँक मात्र पैशांच्या बँकेवरून, आधी जमा करा आणि लागेल तेव्हा काढा. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये डॉ. बर्नार्ड फँटस यांनी 1937 मध्ये हे नाव दिलं. बातम्यांमधली वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीचा पश्चिमेकडचा काठ, तिथे पुन्हा जुना अर्थ.

राहिलं डावं-उजवं. तुम्ही कुठल्या काठावर आहात ते बघायचंच नाही, पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करायचं, डाव्या हाताला येईल तो डावा काठ. जगभर इंजिनियर हाच नियम पाळतात, पॅरिसमधला लेफ्ट बँकही सीन नदीच्या प्रवाहाकडे तोंड करूनच डावा. निरा तुमच्याकडे पूर्वेला वाहते, तिच्या प्रवाहाकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर, म्हणून बारामती-इंदापूरचं पाणी डाव्या कालव्याचं, आणि उजव्या हाताला फलटण-माळशिरस, त्यांचा उजवा कालवा. पलीकडे फलटणच्या बाजूला जाऊन उभे राहिलात तरी यात काही बदलत नाही.