वाचकांचे प्रश्न: गेट उघडं राहिलं, मग दोष कोणाचा?

प्रश्न: नमस्कार. आम्ही लातूरला नवीन प्लॉटिंगमध्ये राहतो, आजूबाजूचे निम्मे प्लॉट अजून रिकामेच आहेत, मिस्टरांची नाइट ड्युटी असते म्हणून कारवानी क्रॉस कुत्रं आणलं. घरच्यांवर जीव टाकतं, माझ्या लेकरांनी शेपटी ओढली तरी गुरगुरत नाही, पण बाहेरचं कोणी आत आलेलं त्याला चालत नाही. मागच्या आठवड्यात नळाला पाणी आलं, पाइप ओढायच्या गडबडीत गेट उघडं राहिलं आणि शेजारचा लहान मुलगा बॉल घ्यायला आत आला. कुत्र्यानं त्याची पोटरी धरली, रक्त आलं. आम्ही लगेच हळद लावली, खर्च देतो म्हणालो, तरी शेजारी बोलेनात. गेटवर ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी पाटी आहे, मुलगा न विचारता आत आला, मग चूक आमची कशी? सासूबाई म्हणतात कुत्रं लांब शेतात नेऊन सोडा. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, आधी त्या लेकराचं बघू. तुमच्या पत्रात हळदीचं आहे पण लशीचं कुठंच नाही, म्हणून मला काळजी वाटतेय. लस सुरू केली नसेल तर आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या, तिथं फुकट मिळते, आठवडा झाला आता काय उपयोग असं अजिबात म्हणू नका. रक्त आलं म्हणजे लशीबरोबर जखमेत सीरम, म्हणजे लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन, लागतं का हेही डॉक्टरांना विचारा, आणि शेवटचा डोस पहिल्या डोसपासून 28 व्या दिवशी असतो तोपर्यंत एकही तारीख चुकवायची नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. चावल्या चावल्या करायचं ते एवढंच, वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

आता चुकीचं. मी स्पष्टच सांगतो, चूक घरच्यांची. पाटी मोठ्या माणसाला सावध करते, बॉलमागं पळणारं लेकरू पाटी वाचत नाही. कायदाही तेच धरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणं आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असेल आणि मालकानं पुरेशी काळजी घेतली नाही तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जनावर रस्त्यावर होतं की अंगणात हे त्यात विचारलेलं नाही, काळजी घेतली का एवढंच विचारलंय.

आणि कुत्र्याच्या बाजूनं बघा. रोज गॅसवाला येतो, मीटर रीडिंगवाला येतो, हे भुंकतं आणि ती माणसं आपलं काम करून निघून जातात. त्याला वाटतं आपण भुंकलो म्हणून गेली. असं वर्षानुवर्षं चाललं की ते जास्त जोरात धावून जातं, आणि एखाद्या दिवशी समोरचा जात नाही तेव्हा दात लावतं. त्यात पोरं गंमत म्हणून छू करत असतील तर ते आधी बंद करा. आत कोणाला घ्यायचं हे घरच्या माणसानं ठरवायचं असतं, ते काम कुत्र्यावर सोपवलं की असंच होणार.

म्हणून गेट आणि कुत्रं यांच्यामधी दुसरा अडसर पाहिजेच, एकाच कडीवर घर सोडायचं नाही. अंगणाच्या एका बाजूला माणसाच्या उंचीची जाळी मारून घ्या, आत सावली आणि पाणी, मेन गेटला आपोआप लागणारी कडी बसवा, गेटखालची फट बुजवा. पाणी आलं, पाहुणे आले, कामवाल्या मावशी आल्या, टँकर आला की गेट उघडायच्या आधी कुत्रं जाळीत, ही सवय घरातल्या सगळ्यांना लागली पाहिजे, सासूबाईंना सुद्धा. पण दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवू नका, त्यानं कुत्रं अजून चिडकं होतं आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे. बाहेर नेताना पट्टा आणि पिंजऱ्यासारखं मुसकं, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोंड आवळून बांधलं तर जनावर मरेल. गुरगुरल्यावर मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आणि शेपटी ओढू देताय ते आजपासून थांबवा ताई, शांत कुत्रं किती सहन करतं याची परीक्षा लेकरांनी घ्यायची नसते.

शेतात सोडायचं तर नावच काढू नका. चावल्यापासून 10 दिवस कुत्रं डोळ्यासमोर राहिलं पाहिजे, आजारी पडलं किंवा मेलं तर त्या मुलाच्या डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. आणि नंतरही सोडलं तर चावणारं कुत्रं दुसऱ्या कोणाच्या लेकरापुढं जाईल. त्याची लस दरवर्षी द्या, आणि वागणं अचानक बदललं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, दुखणं असलं तरी कुत्री चावतात.

शेजाऱ्यांकडं स्वतः जा, पाटीचा विषय काढू नका, आणि पुढच्या डोसला मुलाला तुम्ही घेऊन जा.

प्रश्न: आमच्या शेतातल्या आखाड्यावरचं कुत्रं रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकलींच्या मागं लागतं. गळ्यात लोढणं बांधावं का?
– एक शेतकरी, नांदेड जिल्हा

उत्तर: दादा, लोढण्यानं कुत्रं हळू होतं, पण एकदा जरी चाकापुढं आलं तर गाडीवाला पडायचा तो पडतोच. रस्त्याच्या बाजूनं तारेची जाळी मारा. ते होईपर्यंत दोन खांबांमधी उंचावर तार ताणा आणि कडीनं तिच्यावर सरकणारी लांब साखळी लावा, म्हणजे दिवसा त्याला फिरता येईल. पण तार लिंबाच्या सावलीतच बांधा, पाण्याचं भांडं पोचेल असं ठेवा, आणि साखळी खांबाला गुंडाळली जाते का हे पहिले काही दिवस समोर उभं राहून बघा.