डब्लिनहून आलेले ओट्स कच्चे का लागतात?

प्रश्न: ताई, मुलगा आयर्लंडमधे डब्लिनला असतो, त्याने तिकडचे ओट्स पाठवलेत. पण ते इथल्यासारखे चपटे नाहीत, ज्वारीच्या कण्यांसारखे दिसतात आणि दहा मिनिटं शिजवले तरी दाताखाली कच्चेच. खराब आहेत का? आणि तिकडे ओट्सची नुसती लापशीच करतात की पितात पण? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काकू, टाकू नका हो, त्या ओट्सच्या कण्याच आहेत! दाणा न चेपता दोन-तीन तुकडे करतात म्हणून शिजायला वेळ लागतो, एक वाटीला चार वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मंद गॅसवर अर्धा तास ठेवा, ढवळत राहा नाहीतर खाली लागतं. आयर्लंडमधे या लापशीला 'स्टराबाउट' म्हणतात ते या ढवळण्यावरूनच. तिकडची हवा ओली, गहू नीट पिकायचा नाही, ओट्स मात्र यायचे, त्यामुळे शेकडो वर्षं गरिबाचं पोट यावरच. जुन्या आयरिश कायद्यात तर रीतीप्रमाणे दुसऱ्याच्या घरी वाढायला पाठवलेल्या मुलाला कसली लापशी द्यायची तेही लिहिलंय, साध्या घरच्याला पाण्यातली नाहीतर ताकातली, सरदाराच्या मुलाला ताज्या दुधातली, राजाच्या मुलाला वर मध. एवढ्याशा मुलांच्या वाटीत पण असा भेद, मला फार वाईट वाटलं वाचून.

आता पिण्याचं, माझा सगळ्यात आवडता भाग! दळल्यावर कोंड्याला जे पीठ चिकटून राहतं ना, तेसुद्धा वाया घालवायचे नाहीत, कोंडा पाण्यात काही दिवस भिजत ठेवून चांगला आंबवायचा, मग पिळून गाळायचं, पांढरं आंबूस पाणी निघतं, अगदी आपल्या आंबिलीची आठवण येते. याला म्हणायचे 'बुल्स मिल्क', म्हणजे बैलाचं दूध, आणि कडक उपासाला खरं दूध चालायचं नाही तेव्हा चहात हेच घालायचे. तळाशी साका बसतो (नाचणीच्या सत्वासारखा) तो शिजवून गार केला की थलथलीत होतो, ती फ्लमरी. आणि कापणीला शेतात गार पाण्यात नुसतं ओट्सचं पीठ कालवून न्यायचे, तहान पण भागते आणि पोटाला आधार.

तुमच्या कण्या एकदा साखरेशिवाय, ताक आणि लोण्याचा गोळा घालून खाऊन बघा. उरल्या तर दुसऱ्या दिवशी पाणी घालून गरम करा, छान लागतात.