वाचकांचे प्रश्न : वणव्याचा ठराव कागदावरच का राहतो?

प्रश्न : आमचे गाव सह्याद्रीच्या उतारावर आहे. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या पठारावर वणवा लागतो आणि गेल्या खेपेस तो वाडीच्या गोठ्यांपर्यंत आला. ग्रामसभेने ‘कोणीही वणवा लावू नये’ असा ठराव केला, परंतु पुढे काहीच झाले नाही. वनाचे अधिकारी म्हणतात की आग मालकी क्षेत्रात लागली, आणि पंचायतीचे म्हणणे असे की वन आमच्या अखत्यारीत नाही. नेमके कोणी काय करायचे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या ठरावात काय करू नये एवढेच आहे. कोणी, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या पैशातून काय करायचे हे त्यात नसल्यामुळे त्याची अंमलबजावणी करायची म्हटली तरी कोणाला करता येणार नाही.

पंचायतीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. राखीव वनात जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढण्याचे काम वनविभागाचे आहे आणि त्यांच्या संमतीवाचून तिथे कोयता चालवता येत नाही. परंतु आग विझवण्यास साहाय्य करणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे ही कामे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत आहेत. शिवाय आपले कर्मचारी प्रशिक्षित आणि साधने तयार ठेवण्याची जबाबदारी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ने स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. आग मालकी क्षेत्रात सुरू झाली, या कारणाने वनविभागालाही हात झटकता येत नाहीत, कारण वारा सातबारा पाहून वाहत नाही.

भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. राखीव किंवा संरक्षित वनात चराईचा अथवा वनोपजाचा हक्क वापरणाऱ्या प्रत्येकावर, तसेच वनालगतच्या गावात शासनाच्या नोकरीत असलेल्यांवर, आगीची खबर जवळच्या वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना देण्याचे आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता ती विझवण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन या कलमाने घातले आहे. त्याच कायद्याचे कलम २६ असे सांगते की, राखीव वनात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास तेथील चराईचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. गवत चांगले यावे म्हणून काडी ओढणाऱ्याला शिक्षेच्या धाकापेक्षा ही तरतूद लवकर समजेल, असे आम्हाला वाटते. जळालेल्या उतारावर हिरवे कोंब लवकर दिसतात हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मार्चमध्ये उघडा पडलेला उतार जूनचा पहिला पाऊस अंगावर घेतो आणि माती ओढ्याला जाते, हेही त्याच सभेत सांगावे.

आता वेळापत्रकाकडे वळू. वनविभाग साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. आपल्याकडे या विषयाला २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तोंड फुटते, आणि तोवर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात पैसे धरण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. हा विषय २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा, वित्त आयोगाच्या अनुदानातील अबंधित (ठरावीक कामांशी न बांधलेल्या) भागातून खर्चाची तरतूद सुचवावी आणि २६ जानेवारीची सभा आग विझवायला जाणाऱ्या गावकऱ्यांच्या पथकातील नावे वाचून दाखवण्यासाठी ठेवावी. ठरावाची भाषा अशी असावी : ‘वरच्या वाडीच्या पाण्याच्या टाकीपासून ओढ्यापर्यंत, वस्तीच्या वरच्या अंगाने, वनपालांनी जागेवर येऊन ठरवून दिलेल्या रुंदीचा पट्टा ३१ जानेवारीपूर्वी गवत कापून मोकळा करावा, कापलेले गवत पट्ट्यात न ठेवता उचलून न्यावे, ज्यांच्या मालकीच्या जमिनीतून पट्टा जातो त्यांची लेखी संमती दप्तरी ठेवावी.’ कापलेले गवत तिथेच पडू दिले तर पट्टा नसल्यातच जमा. ते जागेवर जाळायचेच असेल, तर पहाटेचे दव असेपर्यंत आणि वनरक्षक हजर असतानाच जाळावे.

उपग्रहावर विसंबून राहू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था नोंदणी करणाऱ्या कोणालाही आगीच्या सूचना मोफत पाठवते, आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी ही नोंदणी अवश्य करावी. परंतु उपग्रहावरील ज्या संवेदकावरून (उष्णता टिपणाऱ्या उपकरणावरून) यातील बऱ्याच सूचना येतात, त्याच्या प्रतिमेचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो आणि तो उपग्रह दुपारी व मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास, आपल्यावरून जातो. संध्याकाळी पाचला पेटलेले गवत त्याच्या पुढच्या फेरीपूर्वी जळून गेलेले असू शकते. पठारावर गुरे नेणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये वनरक्षकाचा क्रमांक आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांक असणे अधिक उपयोगाचे आहे.

पथकाबाबत एका गोष्टीवर तडजोड नको. आग चढावर वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कोणीही उभे राहू नये. जळून गेलेल्या बाजूने किंवा कडेने जावे, अंगात सुती कपडे असावेत आणि समोरून उलट आग लावण्याचे (वणव्याच्या वाटेतले गवत आधीच जाळून टाकण्याचे) काम प्रशिक्षित वनकर्मचाऱ्यांवाचून कोणी करू नये. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वीसहून अधिक गिर्यारोहक वणव्यात सापडून मृत्युमुखी पडले. आपल्या पठारावर पर्यटक येत असतील, तर हंगामात वाट कधी बंद ठेवायची हेही वनविभागाशी बोलून त्याच ठरावात घ्यावे.

ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तेथील ग्रामसभांना वनाच्या रक्षणासाठी स्वतः नियम करता येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपान तोडणेच बंद केले. नवी पालवी फुटावी म्हणून झाडे छाटणे आणि आग लावणे यांचे मूळच त्यामुळे गेले. हाती येणारे उत्पन्न सोडण्याचा निर्णय सोपा नसतो, आणि तो बाहेरून कोणी लादलेला नव्हता.

प्रश्न : शेजारच्या भाजावळीची (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजण्याची) आग पसरून माझी काजूची बाग होरपळली. भरपाई कोठून मिळेल?
– एक बागायतदार, जि. रत्नागिरी

उत्तर : हवामान आधारित फळपीक विम्यावर आशा ठेवू नये, कारण तो ठरवून दिलेल्या हवामानविषयक धोक्यांपुरता असतो. आग लागली त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि ग्राम महसूल अधिकारी व कृषी विभागाचे कर्मचारी यांच्याकडून झाडांच्या संख्येसह पंचनामा करून घ्यावा. सातबाऱ्यावर काजूची नोंदच नसेल तर येथेच अडते. ई-पीक पाहणी टाळणाऱ्यांना हे फार उशिरा कळते. आग वीजवाहिनीच्या ठिणगीने लागल्याचा संशय असेल, तर विद्युत निरीक्षकांकडे चौकशीची मागणी करावी. आपल्या बाबतीत कारण शेजारी आहे, तेव्हा पोलिसांत तक्रार हा मार्ग उरतोच. तरीही पुढच्या वर्षासाठी पंचायतीने वाडीवार भाजावळीचे दिवस ठरवून द्यावेत, लगतच्या बागायतदाराला आदल्या दिवशी कळवणे सक्तीचे करावे आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्यापूर्वी आग पूर्ण विझवलेली असावी अशी अट घालावी.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात राहतो. तेथे घराभोवतीचे सुके गवत काढा, अशी नोटीस येते. आमची सोसायटी पुण्यात टेकडीला लागून आहे. येथे असा नियम का नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तेथील कायद्यानुसार वणवाप्रवण भागात इमारतीभोवती १०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३० मीटर, जळाऊ झाडोरा आटोक्यात ठेवावा लागतो. तेथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असून उडून आलेला निखारा छताखाली शिरला तरी घर पेटते, म्हणून हा नियम आहे. आपली इमारत काँक्रीटची आहे. इथे धोका प्रामुख्याने टेकडीवरील रोपांना, प्राण्यांना आणि फिरायला गेलेल्यांना आहे, आणि आपल्याला त्रास होईल तो धुराचा. त्यामुळे १०० फुटांची अट जशीच्या तशी येथे आणण्यात फारसा अर्थ नाही. टेकडीकडच्या भिंतीलगतचे सुके गवत जानेवारीत काढावे, त्यासाठी भिंतीपलीकडे जावे लागणार असेल तर वनविभागाची किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी, आणि मुख्य म्हणजे सोसायटीचा पालापाचोळा भिंतीपलीकडे टाकून पेटवला जात नाही ना, हे पाहावे. उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी आहेच, आणि पाचोळ्यासाठी खताचा खड्डा आवारातच करता येईल. टेकडीवर धूर दिसताच १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे आणि गाडी कोणत्या फाटकातून आत येऊ शकेल हे सोबत सांगावे.